तुला माती न खावो

आनो पेत्रा, २ एप्रिल

रोदांथी,

प्रिय वगैरे लिहीत नाही. लिहिलं तर खोटं ठरेल, आणि आज माझ्या अंगात खोटं बोलायचीसुद्धा ताकद नाही.

काल झिसिसच्या कॉफीच्या दुकानात तुझा फोन आला. झिसिसचा पोरगा बोलवायला आला म्हणून तंबाखूची रोपं अर्धवट टाकून, चिखलाच्या हातांनी मी धावत गेले. वाटलं, गाडी कधीची ते सांगशील. तर तू म्हणालीस, विद्यापीठात संप आहे, ईस्टरची सुट्टी लवकर लागली, आणि तू मैत्रिणीबरोबर भटकायला निघालीस. आधी मायसीनी, मग देलोस, नाक्सोस, सान्तोरिनी. पडके खांब आणि बेटं! मी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला, कारण सगळे म्हातारे हातातले पत्ते खाली ठेवून माझ्याकडे कान लावून बसले होते. त्यांना फुकटचा तमाशा कशाला दाखवायचा? तो आता कागदावर करते.

बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. १९ तारखेला, शनिवारी, त्यांना बाहेर काढायचं आहे, रीतीप्रमाणे हाडं वाईनने धुवून पेटीत ठेवायची आणि जागा मोकळी करायची. हे तुला फेब्रुवारीतच कळवलं होतं. आपला पाद्री पापा-लाम्ब्रोस म्हणतो, ईस्टरच्या आधी हे करता येईल असा हाच शेवटचा शनिवार, मग पंधरा दिवस मेलेल्यांचं काही करता येत नाही. आणि खडकावरचं आपलं कबरस्तान तू पाहिलंयस. उद्या कोणी मेलं तर त्याला ठेवायला जागा नाही.

न विरघळलेला माणूस निघाला की काय होतं, ते मी तुला सांगायला हवं का? दिमोसच्या आजोबांना दोनदा काढलं आणि दोनदा परत पुरलं. अजून त्या घराकडे बोट दाखवून लोक कुजबुजतात, की म्हाताऱ्याला कोणाचा तरी तळतळाट लागलाय, मातीसुद्धा त्याला घेत नाही. आणि आपल्या बाबांना कोणाचा शाप आहे, ते मला ठाऊक आहे. शवपेटीवर झाकण पडायच्या आधी आपण सगळ्यांनी त्यांच्या कपाळाचा शेवटचा मुका घेतला. तू वाकलीस, मुका घेतला नाहीस, कानाशी पुटपुटलीस, "तुला माती न खावो." मी तुझ्या शेजारीच उभी होते, आणि नेमकी माझ्या उजव्या बाजूला तू होतीस. त्या बाजूचा कान माझा अजून चालतो.

आई ऐकण्यात नाही. डोळ्यांत मोतीबिंदू पुरता उतरलाय, पण रोज विचारते, शनिवारी रोदी येणार ना? आणि बाकीचं सगळं माझ्या गळ्यात आहे. नोव्हेंबरात ओढ्याचा बांध फुटला, खालच्या रांगेत चिखल घुसला, लाकडी क्रूस वाहून गेले. पापा-लाम्ब्रोस नवा माणूस, त्याला काय कळणार कोण कुठे झोपलंय. मीच चिखलात उतरून दाखवलं, हे बाबा, आणि त्यांच्या शेजारी आसिमो काकी. दोघांचे दिवे दर शनिवारी मीच लावते. काकीच्या मुलांनी मेलबर्नहून पाच वर्षांत एक मेणबत्ती पाठवलेली नाही. ती मुलं परकी झाली असं आपण म्हणतो. मग तू कोण?

शनिवारी ये. त्यांच्यासमोर उभी राहा आणि शब्द परत घे.

स्तामाता


नाफ्प्लिओ, ६ एप्रिल

ताई,

निघायच्या सकाळी तुझं पत्र हातात पडलं. बसमध्ये वाचत होते. माझा चेहरा बघून लुकियाने विचारलं, "कोण गेलं गं?" मी म्हटलं, "माझा बाप. पाच वर्षांपूर्वी गेलाय, पण अजून काही जात नाही."

मी येणार नाही. फोनवर नीट सांगता आलं नाही कारण तुझ्या बाजूला पत्त्यांचा अड्डा होता आणि माझ्या मागे रांग. आता नीट सांगते.

काल मायसीनीला गेलो. सिंहाच्या दरवाजातून आत गेलं की उजव्या हाताला गोल खड्डा आहे. त्यात राजे पुरले होते, तोंडावर सोन्याचे पत्रे लावून. मुखवटे आता अथेन्सला काचेत आहेत, खड्ड्यात गवत आणि पिवळी फुलं. सगळे फोटो काढत होते. मी कठड्यावर बसून हलव्याची वडी खाल्ली आणि मला आपल्या बापाचा सोन्याचा दात आठवला. समोरचा, वरचा. ज्या वर्षी तंबाखूला भाव आला त्या वर्षी त्याने तो बसवून घेतला आणि त्याच वर्षी तुझी शाळा बंद केली. मास्तर स्वतः आपल्या घरी आला होता. टोपी हातात धरून म्हणाला, "पोरगी हुशार आहे हो, गावात अशी दुसरी नाही." बापाने त्याला कॉफी पाजली, दारापर्यंत पोचवलं, परत आला, आणि 'तूच त्याला बोलावलंस ना' म्हणून तुला मारलं. त्या वाकड्या हाताने. खेचराने पाडून मोडलेला आणि तसाच जुळलेला तो हात, त्याच्यात एवढा जोर कुठून यायचा कोण जाणे. तू चौदा वर्षांची होतीस. त्या दिवसापासून तुझ्या डाव्या बाजूला बसून मी तुला कधी काही सांगितलं नाही.

मी त्याला शाप दिला. पूर्ण शुद्धीत दिला. त्याचं काही होणार नाही हेही मला ठाऊक आहे. गेले दोन उन्हाळे मी कबरींवर काम करते, दातकोरण्याने आणि ब्रशने माती काढते. माणूस विरघळतो तो मातीमुळे, पाण्यामुळे, हवेमुळे. संत असो नाहीतर सैतान, पाच वर्षांत बहुतेक सगळेच विरघळतात. शापाने कोणी टिकला असता तर आपल्या गावाचं अर्धं कबरस्तान ताजं निघालं असतं.

तेव्हा घाबरू नकोस. आणि त्याच्यासाठी माझ्याकडे माफी मागू नकोस. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ त्याचाच माझ्यात उतरलाय. आईला सांग, ईस्टरला येईन.

रविवारपर्यंत नाक्सोसला पोचू. तिथल्या पोस्टात माझ्या नावाने पत्र ठेवलं तर मिळेल.

रोदांथी


आनो पेत्रा, १० एप्रिल

रोदांथी,

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकाला गेली. एक दिवस थांबले, की राग उतरला म्हणजे लिहीन. उतरला नाही, म्हणून तशीच लिहिते.

आधी हे सांग, माझ्या कानाचं वकीलपत्र तुला कोणी दिलं? कान माझा. थप्पड मी खाल्ली. मी तुझ्याकडे आले होते का रडत, की बाई, माझ्या वतीने बापाला शाप दे? तू तेव्हा सात वर्षांची होतीस, आसिमो काकीच्या मागाखाली तिच्या घागऱ्याला धरून लपली होतीस. आज अथेन्सला जाऊन चार पुस्तकं वाचलीस आणि माझ्या दुःखाची मालकीण झालीस.

दुसऱ्याच्या कबरीत मात्र बरी उतरतेस! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. कुठल्या हजारो वर्षांपूर्वीच्या राजाची बरगडी तू ब्रशने साफ करतेस, दिवसभर उन्हात ओणवी राहतेस, गेल्या वर्षी त्या बाईचं डोकं काढलं तेव्हा रडले असं मला लिहिलं होतंस. तिचं नावसुद्धा तुला माहीत नव्हतं! आणि जन्मदात्याला काढायचं म्हटलं की तुला बेटं आठवतात.

मला नाव काय ठेवलंय ते आठवतं ना? स्तामाता. म्हणजे बास. दोन मुली जन्मून मेल्या, तिसरी मी झाले, तेव्हा देवाला बजावायला हे नाव ठेवलं, की आता मुली पुरे. देवाने ऐकलं नाही, तू आलीस. तुझ्यासाठी मी त्यांच्याशी भांडले. 'हिला तालुक्याच्या शाळेत घातलं नाही तर एक पान ओवणार नाही' म्हणून तंबाखूची सुई उंबऱ्यावर फेकली होती मी. तेव्हा त्यांनी हात उचलला नाही. का ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित एक कान पुरे वाटला असेल. तू शिकलीस ती तशी.

मी सारखं मागते का तुझ्याकडे काही? आता एकच मागते. आईला मी सांगून बसलेय की तू येतेस. ती खोक्यातली पांढरी चादर रोज काढून हाताने चाचपते, हाडं ठेवायला ही पुरेल का विचारते. त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचाय म्हणते, मग सुखाने मरेन. ते डोकं तसंच काळं, केसांसकट निघालं तर मी तिच्या हातात काय देऊ? विज्ञान देऊ?

तू म्हणतेस शाप खरा नसतो. बरं, नसेल. मग परत घ्यायला तुझं काय जातं? नुसतं म्हण, "माफ केलं, बाबा." खोटं म्हण. पण इथे येऊन म्हण. गुरुवारी निघालीस तर शुक्रवारच्या गाडीने लारिसाला उतरशील, मी बसस्टँडवर थांबते.

स्तामाता


नाक्सोस, १४ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. पोस्टातल्या बाईसमोरच वाचलं आणि तिने मला पाणी दिलं. यावरून काय ते समज.

खरं आहे, कान तुझा. मला वकीलपत्र कोणी दिलं नाही. पण तू स्वतः खटला चालवलाच नाहीस कधी! त्याच्या दुखण्यात तीन महिने तू त्याला चमच्याने भरवलंस, आणि तो तुला चुकीच्या बाजूने हाक मारून वर 'बहिरी कुठली' म्हणायचा. त्याने केलेलं बहिरेपण, आणि टोमणा तुलाच. तू हसायचीस. मी सोळा वर्षांची होते आणि दाराआड उभी राहून माझे दात दुखेपर्यंत आवळायचे. तो शाप मी त्या हसण्याला दिलाय असं समज हवं तर.

परवा देलोसला होतो. वारा असा होता की बोटीवर लुकिया आणि एक जर्मन म्हातारा एकाच बादलीवर वाकले होते. त्या बेटावर माणसाला मरायची बंदी होती. देव तिथे जन्मला, म्हणून जागा स्वच्छ हवी. अथेन्सवाल्यांनी एक दिवस हुकूम काढला आणि बेटावरच्या झाडून सगळ्या कबरी उकरल्या. हाडं बोटीत भरली आणि समोरच्या बेटावर एका खड्ड्यात ओतली. कोणाचं हाड कुठलं, कोणाची आई, कोणाचा बाप, कोणी विचारलं नाही. ज्यांचे दिवे लावले असतील, त्यांच्याही शेजारी कोणीतरी परका येऊन पडला असेल. मी त्या सिंहांच्या रांगेपाशी उभी होते आणि तुझाच विचार करत होते, तू दर शनिवारी कशी नेमके आपले दोन दिवे लावतेस.

आता मी एक विचारते. चिडू नकोस. किंवा चिड, पण उत्तर दे.

शनिवारी खड्ड्यात शेवटी उतरणार तू. आईला दिसत नाही, दुसरं कोणी जवळचं नाही. डोकं हाताने मोकळं करणार तू, वर उचलणार तू, आणि सगळ्या बायकांसमोर पहिला मुका घेणार तू. तू घेशील का? मनापासून? माझ्याकडे जी माफी मागतेस, ती तुझ्या घरात आहे का? की स्वतःची चूल थंड आणि माझ्याकडे विस्तव मागायला आलीस?

तू माफ केलं असशील तर तसं सांग. नाक्सोसच्या पोस्टात एक शब्दाची तार कर, 'हो'. पत्र तुला गुरुवारी, फार तर शुक्रवारी सकाळी मिळेल. मी बांधाबांध करून ठेवते, रात्रीची बोट पकडून शनिवारी दुपारपर्यंत कशीही पोचते, उशीर झाला तर सगळ्यांना थांबवून ठेव. येईन, गुडघे टेकेन, तू सांगशील ते म्हणेन. तू माफ केलंस तर माझा हक्कच उरत नाही.

पण 'हो' खरा असला पाहिजे.

रोदांथी


आनो पेत्रा, २० एप्रिल

रोदांथी,

तार केली नाही. तार करायची तर झिसिसच्या दुकानातून करावी लागते, आणि तो मजकूर वाचून सगळ्या गावाला सांगतो. तू आली नाहीस, ते बरंच झालं. सगळं पार पडलं.

सकाळी पंधरा-वीस बाया जमल्या. रडगाणी गाणारी वाया आली होती, तिच्यासारखी गावात कोणी नाही. वरची माती तिच्या मुलाने काढली, गुडघ्याच्या खाली मी कोणाला येऊ दिलं नाही. एकटी उतरले आणि हाताने काढलं.

आणि ऐक, तुझी जीभ फुकट गेली. हाडं अशी निघाली की बायांनी छातीवर क्रूस काढला. मेणासारखी पिवळी, स्वच्छ, वास म्हणून नाही. डोकं माझ्या ओंजळीत वाटीसारखं बसलं. कपाळ गुळगुळीत. खालचे-वरचे पुढचे दात सगळे जागच्या जागी, तांदळासारखे बारीक. हातांची हाडं सरळ, चातीसारखी. मी मुका घेतला. तू विचारलं होतंस ना? घेतला, सगळ्यांसमोर, एकदा नाही, दोनदा. मनापासून.

मग आईच्या हातात दिलं. तिने बोटं फिरवली. कपाळावर, गालांवर, दातांवर. बराच वेळ फिरवत राहिली. वाया गायची थांबली, मला वाटलं आईला भोवळ येणार. मग आई म्हणाली, "धुवा नीट. वाईन आणखी ओता, हात आखडू नका." आपण तीन बाटल्या नेल्या होत्या, त्या सगळ्या ओतल्या.

बाया काय काय म्हणाल्या! "काय भला माणूस होता." "मुंगीला दुखवलं नसेल त्या हातांनी." "किती सोसलं बिचाऱ्या जिवाने, आणि बघा देवाने कसं उजळवलं." पापा-लाम्ब्रोसने तर सगळ्यांना बोलावून दाखवलं, की बघा, अशी हाडं हवीत. मी खाली मान घालून ऐकलं.

आता पेटी चर्चच्या मागच्या खोलीत फळीवर आहे. विषय संपला. तुझी बेटं बघून झाली की ये.

स्तामाता


सान्तोरिनी, २५ एप्रिल

ताई,

तू कोणाला बाहेर काढलंस?

तुझं पत्र मी आक्रोतिरीच्या उत्खननावर, छपराखाली बसून वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागाने डोळ्यांत पाणी आलं, की तो! तो मेणासारखा निघाला! सगळ्या गावाने त्याला भला म्हटलं! दुसऱ्यांदा वाचलं आणि दातांपाशी अडकले.

सोन्याचा दात कुठे आहे? तू लिहितेस सगळे पुढचे दात जागच्या जागी, बारीक. सोन्याला माती खात नाही, ताई. मायसीनीला साडेतीन हजार वर्षांत खाल्लं नाही, आपल्या ओढ्याकाठी पाच वर्षांत खाणार? त्याचा वाकडा हात कुठे गेला? मोडून जुळलेलं हाड मेल्यावर सरळ होत नाही. आणि त्याचं डोकं तुझ्या ओंजळीत वाटीसारखं बसलं? त्याची टोपी आपण दोघींनी मिळून घातली असती तरी उरली असती. भुवयांपाशी त्याच्या कपाळाला केवढा कंगोरा होता. गुळगुळीत कपाळ, लहान डोकं, बारीक हाडं, हे बाईचं लक्षण आहे. हे मला पहिल्या वर्षी शिकवलं.

ती आसिमो काकी आहे!

काय करून बसलात तुम्ही सगळे! चिखलात क्रूस लावताना तू चुकलीस आणि पाच महिने चुकीच्या जागी दिवे लावलेस. 'मीच दाखवलं, हे बाबा, ही काकी,' एवढ्या ठसक्यात लिहिलं होतंस! वीस बाया खड्ड्याभोवती उभ्या, एकीलाही दात आठवू नये? रडायचं म्हणून रडल्या, बघितलं कोणी नाही. आणि सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? त्या बाईने जन्मभर राबून जी हाडं उजळ केली, ती त्याच्या नावावर चढली. तिच्या हातांनी मुंगीला दुखवलं नाही, आणि भला ठरला तो! जिवंतपणी तिच्या दारात उभा राहून तिला शिव्या घालायचा, पोरींना बाहेर काढ म्हणून. मेल्यावर तिची हाडंही ढापली त्याने.

आम्ही सोमवारी अथेन्सला परततो, बुधवारी मी घरी येते. आल्या आल्या पापा-लाम्ब्रोसला सांगू. ईस्टर झाल्यावर दुसरी कबर उघडू, मी स्वतः उतरेन, आणि पेटीवरचं नाव बदलू. चूक झाली तर झाली, पण ती तशीच ठेवायची नाही. तोवर आईला काही बोलू नकोस, तिला धक्का बसेल.

रोदांथी


आनो पेत्रा, २९ एप्रिल

रोदांथी,

हे पत्र अथेन्सला लुकियाच्या घरी पाठवतेय. टपाल नेणाऱ्या ड्रायव्हरला हातात देऊन बजावलंय, की गाडीत बसायच्या आधी ते तुझ्या हातात पडलं पाहिजे. तू आल्या आल्या चर्चकडे धावशील आणि सगळा घोळ घालशील, मला माहीत आहे.

चूक? मला चूक म्हणतेस? पाच वर्षं दर शनिवारी मी त्या दोन कबरींपाशी गेलेय. डोळे बांधून सोडलंस तरी वासावरून सांगेन कोण कुठे आहे. तुला डोक्याच्या हाडावरून बाई कळते, पण सख्खी बहीण कळत नाही. काय करायचंय असलं शिक्षण!

तुझं नाक्सोसचं पत्र काढायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी आलं. 'हो' लिहायला झिसिसच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेले होते. दोनदा गेले. दुसऱ्यांदा झिसिस म्हणाला, "काय गं बहिरे, आत ये की." त्याच्या तोंडून नाही गं, त्या मेल्याच्या तोंडून ऐकू आलं ते. मी तिथून थेट कुदळ घेऊन कबरस्तानात गेले, उद्यासाठी गवत काढते म्हणून. कोणी नव्हतं. दोन्ही क्रूस उपटले आणि अदलाबदल करून ठोकले. ओल्या मातीत कसे सहज निघाले.

मला त्याचा मुका घ्यायचा नव्हता. झालं समाधान? तुझ्याकडे मागत होते ती माफी माझ्या घरात नव्हती. गेली चौदा वर्षं नाही. वर्षभर मी म्हणत होते, की बापाला काढायचं, बापाला धुवायचं, मुलीचं काम आहे, आणि रोज रात्री त्या उघड्या जबड्यातून तो मला हाक मारायचा, चुकीच्या बाजूने. तो विरघळला नसेल याची मला भीती नव्हती. विरघळला असेल याची होती! तो पिवळा, मेणासारखा निघाला असता आणि त्या सगळ्या बायांनी 'काय भला माणूस' म्हणून माझ्याकडे बघितलं असतं, तर मी त्याचं डोकं दगडावर आपटलं असतं. खरंच आपटलं असतं, रोदांथी. म्हणून तुला बोलवत होते, तू माझा हात धरला असतास.

आणि काकीला काढायला कोण येणार होतं? मेलबर्नहून? मी मार खाल्ला त्या रात्री कोमट तेलाचा बोळा कोणी घातला माझ्या कानात? तू कोणाच्या घागऱ्याला धरलं होतंस? तिच्या कबरीवर उद्या दुसरा कोणी आणून टाकला असता आणि तिची हाडं पाद्र्याच्या गड्याने फावड्याने गोळा करून खड्ड्यात लोटली असती, तुझ्या त्या देलोसवाल्यांसारखी. मी तिला हाताने काढलं. मुका घेतला. मनापासून असं लिहिलं होतं, ते खोटं नव्हतं. आणि बाया जे जे बोलल्या ते तिच्यासमोर बोलल्या, तिच्या डोक्याला हात लावून बोलल्या. एक शब्द चुकीचा नव्हता. नाव कोणाचं घेतलं त्याने काय होतंय! पेटीवर रंगाने मीच लिहिलंय. बाहेर त्याचं नाव, झाकणाच्या आतल्या बाजूला तिचं. तिची शिंगाची फणी मातीत सापडली, ती मी पदराखाली लपवली. तुझ्यासाठी ठेवलीय. तुझी उवांची वेणी विंचरायची ना ती.

वायाला दात आठवला होता हं. खड्ड्यावरून वाकून म्हणाली, "अगं, सोन्याचा दात दिसत नाही." मी म्हटलं, "दवाखान्यातच काढून घेतला गं कोणीतरी." त्यावर तिने दवाखानेवाल्यांना अशा शिव्या हासडल्या की पापा-लाम्ब्रोसला खोकला आला.

तो आता काकीच्या क्रूसाखाली आहे. तिथे घरचं कोणी खणणार नाही, जागा लागली की गडीच फावड्याने उरकेल. त्याला मातीने खाल्लं का नाही, हे बघायला कधी कोणी येणार नाही. दिवाही मी एकच लावणार आहे, आणि तो फळीवरच्या पेटीपुढे. तुझा शाप तू परत घेऊ नकोस. राहू दे तसाच.

तेव्हा मुकाट्याने ये. पाद्र्यापाशी अवाक्षर काढलंस तर तुझाही एक कान मी फोडीन. ईस्टरच्या अंड्यांसाठी लाल रंग आण, इथला फिका लागतो.

आईला धक्का बसेल म्हणतेस. त्या शनिवारी कबरस्तानातून परत आलो. मी तिला ओट्यावर बसवून तिचे बूट काढत होते, चिखल फार होता. ती म्हणाली, "मी मेले की मला आज जी जागा रिकामी केली तिथेच ठेवा. शेजारी असला तरी मध्ये माती आहे." मी वर बघितलं तर तिने तोंड माझ्या उजव्या कानाकडे आणलं होतं, नेहमी आणते तसं.

"आसिमोला," ती म्हणाली, "उभ्या जन्मात कोणी एवढी वाईन पाजली नव्हती."

स्तामाता